ऱ्होडोडेंड्रॉनला आता अजून काय घालू? (पानं पिवळी, कडा करपलेल्या, फुलांचा पत्ता नाही)

अबोली_अबोल · ९ मार्च

नमस्कार मंडळी. बागकाम विभागात मी बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज अगदीच गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय.

घराच्या भिंतीलगत ऱ्होडोडेंड्रॉनचं एक झुडूप आहे. चार वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणलं तेव्हा कमरेएवढं होतं, आजही कमरेएवढंच आहे. पहिल्या वसंतात फुलांनी नुसतं लगडलं. दुसऱ्या वर्षी पाच गुच्छ, तिसऱ्या वर्षी एक, मागच्या वर्षी भोपळा. शेंड्याची नवी पानं फिकट पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्यागार. कुणीतरी हिरव्या पेनाने नकाशा काढल्यासारख्या दिसतात.

झाड उपाशी असणार असं वाटलं म्हणून काय काय घातलं, त्याची कबुली देते. हसू नका. आधी गुलाबाचं खत. मग कुणी म्हणालं फुलांना स्फुरद (फॉस्फरस) लागतं, म्हणून डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आणि त्यावर हाडांचा चुरा. मग एप्सम सॉल्ट. शेकोटीची राख फुकट जाऊ नये म्हणून तीही. कॉफीचा चोथा तर रोजचाच. शेवटी आम्लता हवी म्हणून पाण्यात व्हिनेगर. आता जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्यात.

अजून काय घालू?

---

शंकासुर · ९ मार्च

काही घालू नका. हात मागे बांधून उभ्या राहा.

---

पाटपाणी · ९ मार्च

रुमाल टाकून ठेवतो. माझ्याकडे अझेलिया आहे, तिची पानं अशीच. हे दोघे एकाच घरातले ना?

---

शंकासुर · ९ मार्च

एकाच घरातले. अझेलिया म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच, प्रजाती (जीनस) तीच. खाण्यापिण्याच्या सवयीही त्याच. फक्त अझेलिया लहान असते, त्यामुळे खत जास्त झालं की आधी तिला चटका बसतो.

अबोलीताई, मघाशी उद्धट वाटलो असेन तर माफ करा. पण तुमची यादी वाचताना पोटात गोळा आला. त्यातल्या निम्म्या गोष्टी सामू (पीएच, मातीच्या आम्लतेचा आकडा) वर नेतात, उरलेल्या निम्म्या तो खाली आणायला घातल्यात, आणि मधल्या मध्ये झुडूप भरडलं जातंय. राख म्हणजे पोटॅशचं खत खरं, पण ती चुन्यासारखी अल्कधर्मी असते. हाडांच्या चुऱ्यात कॅल्शियम. हे झाड चुनखडीचं हाडवैरी. याला माती आंबट लागते, सामू साधारण ४.५ ते ६ मध्ये. ५ ते ५.५ असेल तर स्वारी खूश.

---

मातीखुळा · १० मार्च

शंकासुर, +१. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर वसंतात येतो आणि दर वेळी उत्तराच्या जागी खतांची नावं पडतात.

अबोलीताई, तुम्ही केलेलं वर्णन, म्हणजे नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हा शेतकऱ्यांच्या भाषेत केवडा. लोह कमी पडतंय. पण जवळजवळ कुठल्याही मातीत लोह भरपूर असतं. सामू वर गेला की ते गंजासारखं घट्ट होऊन बसतं, पाण्यात विरघळत नाही आणि मुळीला उचलता येत नाही. ताट वाढलेलं आहे, हात बांधलेले आहेत. अशा वेळी अजून चार वाट्या वाढून काय होणार? हात सोडवायला हवेत.

आणि डीएपीने ते हात अजून आवळले. डीएपीच्या पोत्यावर १८-४६-० लिहिलेलं असतं, त्यातला ४६ हा स्फुरदाचा आकडा. जादा स्फुरद लोहाला धरून ठेवतं. शिवाय ते नत्रासारखं पावसाबरोबर वाहून जात नाही, वर्षानुवर्षं तिथेच साठतं. ‘फुलांसाठी स्फुरद’ हे वाक्य बागकामात इतकं घासलं गेलंय की कुणी उलट तपासतच नाही. बहुतेक बागांच्या मातीत या झाडापुरतं स्फुरद आधीपासूनच असतं.

आता मुळांबद्दल, कारण सगळी गोम तिथे आहे. या झाडाला सोटमूळ नसतं. मुळांचा सगळा पसारा वरच्या वीतभर मातीत, चटईसारखा. टोकाच्या मुळ्या केसापेक्षा बारीक, आणि त्यांना इतर झाडांसारखे मूलरोम नसतात. ते काम एक बुरशी करते. ती मुळीच्या पेशींमध्येच बिऱ्हाड करते, कुजत्या पाचोळ्यातलं नत्र फोडून झाडाला देते आणि बदल्यात साखर घेते. स्फुरदाचा मारा केला की हा भाडेकरू नाराज होतो.

पानांच्या कडा करपल्यात त्या क्षारांमुळे. खत म्हणजे शेवटी मीठच. मुळाशी मीठ वाढलं की मुळीतलं पाणी उलट बाहेर ओढलं जातं. माती ओली असूनही झाड तहानलेलं राहतं.

तेव्हा आधी दोन प्रश्न. झुडूप भिंतीपासून किती लांब आहे? आणि घरी येणारं पाणी जड आहे का, किटलीत पांढरा थर बसतो का?

---

अबोली_अबोल · १० मार्च

भिंतीपासून हातभर. आणि किटलीचं विचारूच नका, दर महिन्याला खरवडावी लागते.

---

मातीखुळा · १० मार्च

वाटलंच. आज एवढंच करा. झुडपाच्या बुंध्यापासून वीतभर लांब आणि भिंतीच्या बाजूला, अशा दोन ठिकाणांहून चमचाभर माती घ्या. खणू नका, बोटाने उकरा. वाळवून दोन बशांत ठेवा आणि वर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसली तर मोकळा चुना आहे. नाही फसफसली तर एवढंच कळलं की मोकळा चुना नाही, सामूचा नेमका आकडा त्यासाठी वेगळा मोजावा लागेल.

---

खुरपंवाली · १० मार्च

माझ्याकडे चार ऱ्होडोडेंड्रॉन, सगळी मोठ्या कुंड्यांत. मी दर वसंतात एप्सम सॉल्ट देते आणि पानं काळीशार होतात. त्यामुळे ते सरसकट बाद करू नका, प्लीज.

---

शंकासुर · १० मार्च

बाद नाही करत. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम खरंच कमी असेल तर त्याचा उपयोग होतो, आणि कुंडीत ते धुपून कमी होतंही. पण त्याची खूण वेगळी. मॅग्नेशियम कमी पडलं की आधी जुनी, खालची पानं शिरांच्या मधून पिवळी पडतात, कारण झाड त्यांच्यातलं मॅग्नेशियम काढून शेंड्याला पाठवतं. लोह झाडात असं हलवता येत नाही, म्हणून लोहाची ओरड नव्या पानांत. नत्र कमी असेल तर जुनं पान शिरांसकट सरसकट फिकट होतं आणि नवी पानं लहान निघतात. कुठलं पान आणि कसं पिवळं, एवढं पाहिलं तरी निम्मं निदान होतं.

आणि एप्सम सॉल्टने माती आंबट होत नाही. नावात सल्फेट असलेली प्रत्येक गोष्ट आम्ल करते असा एक समज आहे, तो चूक.

---

खुरपंवाली · १० मार्च

हे माहीत नव्हतं. माझी खालचीच पानं पिवळी पडायची, म्हणजे आंधळेपणाने का होईना, बरोबर औषध दिलं म्हणायचं. :)

---

पाचोळा · ११ मार्च

एक भाबडा प्रश्न. हिमालयात वसंतात भटकंती केली आहे. बुरांशाचे, म्हणजे तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉनचे, डोंगरच्या डोंगर लाल झालेले पाहिलेत, झुडपं नव्हे, चांगले उंच वृक्ष. तिथे कोण जातं खत घालायला? पायाखाली फक्त ओलसर, गच्च पाचोळा. पाऊल टाकलं की गादीवर चालल्यासारखं. मग बागेत एवढा उपद्व्याप कशाला? पाचोळा टाका आणि विसरा.

---

हिरवट_बाई · ११ मार्च

पाचोळा यांनी पाचोळ्याची बाजू घेतली यात नवल नाही. :D

पण जंगलात पडलेलं पान तिथेच कुजतं. आपण काय करतो? पानं झाडून नेतो, फुलांचे गुच्छ खुडून नेतो, शेजारी हिरवळ लावतो जी सगळं नत्र पिऊन टाकते. शिवाय बागेतले बरेचसे वाण संकरित, कमी वयात भरघोस फुलावेत म्हणून निवडलेले. त्यांना थोडा वरखर्चाला पैसा लागतोच.

---

मातीखुळा · ११ मार्च

दोघांचंही पटतं. माझा स्वतःचा हिशोब असा. झाडाची वाढ बरी, पानं गडद, दर वर्षी कळ्या धरतायत, तर खत शून्य, फक्त आच्छादन. माझी तीन झुडपं कित्येक वर्षं नुसत्या पाचोळ्यावर आहेत. नवी फूट बोटभरच निघतेय, पानं लहान आणि फिकट, तरच खत.

आच्छादनाबद्दल मात्र मी हट्टी आहे. पाइनच्या सुया, ओकची पानं, झाडाच्या सालीचे तुकडे, जे मिळेल ते. जाडी ५ ते ७ सेंटिमीटर. झुडपाचा घेर जिथवर तिथवर पसरायचं आणि बुंध्याभोवती चार बोटं मोकळी ठेवायची, नाहीतर साल कुजते. दर वर्षी वर थोडी भर. खाली कुजलेला थर उपसायचा नाही, उकरायचाही नाही. मागच्या पावसाळ्यात मी एका कोपऱ्यातलं आच्छादन सहज हाताने बाजूला केलं. खालचा थर चहाच्या चोथ्यासारखा काळा, भुसभुशीत. आणि त्यातून तपकिरी मुळ्यांचं जाळं वर चढून आलेलं, टोकं पांढरी, ओल्या कापसाच्या धाग्यांसारखी. मातीतून वर! झाड अन्न शोधत पाचोळ्यात शिरलं होतं. तिथे खुरपं चालवलं असतं तर तेवढं सगळं तुटलं असतं. ते जाळं जसंच्या तसं झाकून ठेवलं.

---

शंकासुर · ११ मार्च

एक दुरुस्ती, मातीखुळा. नवीन वाचणाऱ्यांसाठी. पाइनच्या सुया उत्तम आच्छादन आहेत, पण त्यांनी मातीचा सामू खाली येतो हे खरं नाही. ताज्या सुया आम्लधर्मी असतात. त्या कुजेपर्यंत ती आम्लता संपते, खालच्या मातीत काही खास फरक पडत नाही. सुयांचा गुण म्हणजे ओल धरतात आणि हवा खेळती ठेवतात.

तीच गोष्ट कॉफीची. कॉफीतलं आम्ल कपात उतरतं आणि आपण पिऊन टाकतो. उरलेला चोथा जवळपास उदासीन, सामू ६.५ च्या आसपास. थोडं नत्र असतं त्यात, वाईट काही नाही. पण जाड थर टाकला तर वाळून पापड होतो आणि पाणी वरून ओघळून जातं. कंपोस्टमध्ये टाका, तिथे शोभेल.

व्हिनेगर तर बिलकूल नको. सूक्ष्मजीव ते थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात, सामू पुन्हा जिथल्या तिथे. मधल्या काळात कोवळी मुळी भाजते ती भाजते.

---

मातीखुळा · ११ मार्च

दुरुस्ती मान्य. मी आम्लतेसाठी म्हटलं नव्हतं, पण वाचणारा तसं समजू शकतो.

---

पाटपाणी · १२ मार्च

मग माती आंबट करायची कशी? हायड्रेंजिया निळं करायला माझ्याकडे अॅल्युमिनियम सल्फेट आणलेलं आहे. ते चालेल?

---

शंकासुर · १२ मार्च

नको! हायड्रेंजियाला अॅल्युमिनियम हवंच असतं, निळा रंगच त्याच्यामुळे. ऱ्होडोडेंड्रॉनच्या मुळांना ते साठलं की विषारी ठरतं.

साधं गंधक वापरा, भुकटी किंवा दाणे. मातीतले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. पण जिवाणूंना ऊब आणि ओल लागते, त्यामुळे काम महिन्यांच्या हिशोबात चालतं, थंडीत जवळपास बंद. चौरस मीटरला एका वेळी ५० ग्रॅमच्या वर जाऊ नका. वापसा असताना (माती ओलसर, पण चिखल नाही) पृष्ठभागावर भुरभुरायचं, वरून आच्छादन, आणि सहा महिन्यांनी सामू मोजून मगच पुढचा विचार. सामूचा आकडा दिसतो साधा, पण ७ आणि ६ मध्ये आम्लतेचा फरक दहापट असतो. म्हणून एका आठवड्यात दोन अंक खाली आणायचा हट्ट धरू नका.

मोकळा चुना असेल तर गंधकही हरतं. ते जेवढं आम्ल करील तेवढं चुना पिऊन टाकेल.

---

अबोली_अबोल · १४ मार्च

प्रयोग केला. बुंध्याजवळची माती गप्प बसली. भिंतीकडच्या मातीवर थेंब पडताच सोड्याची बाटली उघडल्यासारखा चुर्र आवाज! बशीला कान लावून तीन वेळा ऐकलं. घरचे म्हणाले, आता हिला खरंच वेड लागलं.

मग बोटाने आणखी उकरलं तर राखाडी खडे निघाले. बांधकामाचं सिमेंट आणि गिलाव्याचे तुकडे. घर बांधून झाल्यावर गवंड्यांनी सगळा राडारोडा भिंतीशी लोटून वर माती पसरलेली दिसतेय. चार वर्षं मी चुन्याच्या खाणीवर खत ओततेय.

---

हिरवट_बाई · १४ मार्च

अरेरे. हे फार घरांत होतं. भिंतीतून आणि पायातूनही पावसाबरोबर चुना पाझरतोच, त्यात राडारोडा म्हणजे कहरच. पहिल्या वर्षी फुललं ते रोपवाटिकेच्या मातीच्या गोळ्यावर. त्या गोळ्यात सगळी शिदोरी होती. मुळ्या गोळ्याबाहेर पडल्या तशी रड सुरू झाली.

---

मातीखुळा · १४ मार्च

अगदी. आता माझा सल्ला म्हणजे झुडूप हलवा. ऐकायला भयंकर वाटतं, पण ज्या मुळांमुळे हे झाड नाजूक, त्याच मुळांमुळे ते हलवायला सोपं. मुळांचा पसारा उथळ आणि जाळं घट्ट, त्यामुळे गोळा चटईसारखा अख्खा उचलला जातो. मात्र आत्ता नको. उन्हाळा तोंडावर आहे. शरद ऋतूत, उष्मा ओसरल्यावर करा. तोवर:

१. खत पूर्ण बंद.
२. साठलेले क्षार धुवायला एकदा भरपूर पाणी, सावकाश, पावसाचं साठवलेलं असेल तर तेच. निचरा नीट होत असेल तरच. तासाभराने पाणी तसंच तुंबलेलं दिसलं तर थांबा.
३. यापुढे जमेल तेवढं पावसाचं पाणी. जड पाण्यातले बायकार्बोनेट रोज थोडा थोडा चुना घातल्यासारखं काम करतात. आणि पाणी मऊ करणारं यंत्र घरात असेल तर त्यातलंही पाणी नको, ते कॅल्शियम काढून सोडियम घालतं.
४. जीव तगून राहायला नव्या पानांवर चिलेटेड लोहाची (झाडाला उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) फवारणी, डबीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मी, संध्याकाळी.

---

शंकासुर · १४ मार्च

चौथ्या मुद्द्यात भर. चिलेटेड लोहाचे प्रकार असतात, डबी वाचून घ्या. ईडीटीए असलेलं लोह सामू ६ ते ६.५ च्या वर मातीत टिकत नाही, डीटीपीए साधारण ७ ते ७.५ पर्यंत, आणि चुनखडीच्या मातीत फक्त ईडीडीएचए. पानांवर फवारायचं असेल तर ईडीटीए किंवा डीटीपीए चालतं. पण फवारणी म्हणजे तापावरची गोळी. पुढचं नवं पान पुन्हा पिवळंच येणार.

---

पाटपाणी · १५ मार्च

सगळं वाचतोय. वाचनखूण साठवली. माझ्या अझेलियाची पानं वरून ठिपक्याठिपक्यांची फिकट झालीत, शिरा वगैरे वेगळ्या दिसत नाहीत. लोहच ना?

---

खुरपंवाली · १५ मार्च

पान उलटं करून बघा. खाली डांबराचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे ठिपके आहेत?

---

पाटपाणी · १५ मार्च

आहेत! आणि पारदर्शक जाळीदार पंखांचे इवलेसे किडे.

---

खुरपंवाली · १५ मार्च

लेस बग. रस शोषतात. खताशी काही संबंध नाही. पानांच्या खालून पाण्याचा जोरात फवारा मारा, पिल्लं गळून पडतात. आणि झाड कडक उन्हात असेल तर थोडं सावलीला न्या, उन्हातल्या झाडाला हे जास्त छळतात.

---

पाटपाणी · १५ मार्च

ताई, तुम्ही माझे लोहाचे पैसे वाचवलेत.

---

हिरवट_बाई · १६ मार्च

विषय निघालाच आहे तर भुकेची सोंगं आणखी सांगते. कडाक्याच्या थंडीत पानं खाली लोंबतात आणि सुरळीसारखी गुंडाळली जातात. ऊन चढलं की पुन्हा उलगडतात. नव्या बागकरी मंडळींना धडकी भरते, पण झाडाची थंडीत अंग चोरायची पद्धतच ती. दुसरं, दोन-तीन वर्षं जुनी पानं पिवळी होऊन गळणारच, सदाहरित झालं म्हणून पान अमर नसतं. तिसरं गंभीर आहे. भर ओल्या मातीत झाड मलूल, पाणी दिलं तरी पानं वर येत नाहीत, बुंध्याची साल नखाने खरवडली तर आत लालसर तपकिरी. ती मूळकूज, बहुतेक वेळा फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे. त्या झाडाला खत घालणं म्हणजे मरणाऱ्याला पंचपक्वान्नं.

---

पाचोळा · १६ मार्च

बरं, माझी हार मान्य. ज्याला खरंच खत लागतं, त्याला कुठलं आणि कधी? धाग्यात एवढं सगळं आलं, पण मूळ प्रश्न राहिलाच.

---

मातीखुळा · १६ मार्च

खरंय.

कुठलं: या कुळाला नत्र अमोनियमच्या रूपात आवडतं, नायट्रेटच्या नाही. त्यामुळे कॅल्शियम नायट्रेट बाद, ते चुनाही घालतं. अमोनियम सल्फेट चालतं. त्यात २१ टक्के नत्र आणि २४ टक्के गंधक, आणि मातीत त्याचं रूपांतर होताना आम्लता तयार होते. पण ते तेज आहे. कमरेएवढ्या झुडपाला एक सपाट मोठा चमचा, तोही घेराच्या कडेकडेने विखरून. बुंध्याशी ढीग घातलात तर मुळ्या भाजल्याच. आधी माती ओली, नंतर पुन्हा पाणी. एवढी काळजी जमणार नसेल तर आम्लप्रिय झाडांसाठी मिळणारं सावकाश विरघळणारं दाणेदार खत घ्या आणि पिशवीवर लिहिलंय त्याच्या निम्मं घाला. मला स्वतःला सरकीची पेंड आवडते. हळूहळू कुजते, किंचित आम्लधर्मी, चटका देत नाही. ओंजळभर पुरते, आच्छादनाखाली सरकवायची, नाहीतर उंदीर-घुशींचं जेवण होतं.

पूर्ण कुजलेलं शेणखत पातळ थरात ठीक. ताजं नको. कोंबडीखत नको, क्षार फार. अळिंबीच्या शेतीतून निघालेलं कंपोस्ट स्वस्त मिळतं, पण त्यात चुना असतो.

कधी: कळ्या फुगायला लागल्या की एकदा. गरज वाटली तर फुलं झडल्या झडल्या दुसऱ्यांदा. भर उन्हाळा उलटल्यावर काहीही नाही. पुढच्या वर्षीच्या कळ्या याच वर्षीच्या उन्हाळ्यात बनतात, तेव्हा नत्र जास्त झालं की झाड कळ्यांऐवजी पालवी काढतं. आणि उशिरा आलेली कोवळी फूट पहिल्या दहिवरात काळी पडते, कधी खोडाची सालही फाटते.

---

खुरपंवाली · १६ मार्च

कुंडीवाल्यांसाठी. कुंडीत सगळं उलटं, अन्न धुऊन जातं आणि क्षारही साठतात. म्हणून वसंतात एकदा सावकाश विरघळणारे दाणे, आणि महिन्यातून एकदा खाली भोकातून वाहीपर्यंत पावसाचं पाणी. आम्लधर्मी मिश्रणच भरा. बागेतली माती कुंडीत भरू नका, घट्ट बसते.

अवांतर: छाटलेल्या फांद्या शेळ्यामेंढ्यांच्या वाटेला जाऊ देऊ नका. पानांत ग्रेयानोटॉक्सिन असतं, जनावरं दगावतात.

---

हिरवट_बाई · १६ मार्च

आणि फुलं झडल्यावर गुच्छ खुडायचे, हे खतापेक्षा स्वस्त. बी धरण्यात झाडाची ताकद जाते. कात्री नको. वाळलेल्या गुच्छाचा देठ अंगठा आणि तर्जनीत धरायचा आणि बाजूला वाकवायचा, टचकन तुटतो. बोटं चिकट होतात. लगेच खालीच, देठाच्या बगलेत, नव्या फुटीचे कोंब असतात, तांदळाच्या दाण्याएवढे. घाईत ओढलं तर तेही हातात येतात. पहिल्या वर्षी मी अर्धे असेच घालवले होते.

---

अबोली_अबोल · २९ ऑक्टोबर

धागा वर काढतेय. झुडूप हलवलं!

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली. सामू मोजला, ५.६. खणताना मातीखुळा म्हणाले तसंच झालं, मुळांची अख्खी चटई उचलली गेली. मजा म्हणजे भिंतीच्या बाजूला मुळ्या जवळजवळ नव्हत्याच. सगळ्या विरुद्ध दिशेला पळालेल्या. बिचारं चार वर्षं पळ काढायच्या तयारीत होतं.

पूर्वीइतकंच उथळ लावलं, गोळ्याचा माथा जमिनीच्या किंचित वर. खत नाही. वर ओकची पानं.

---

मातीखुळा · ३० ऑक्टोबर

उथळ लावलंत हे सगळ्यात छान. खोल लावलेलं ऱ्होडोडेंड्रॉन गुदमरून मरतं. आता पहिला वसंतही खताविना जाऊ द्या. हात शिवशिवतील.

---

अबोली_अबोल · १० मे

हात शिवशिवले. दोनदा डबा उघडला आणि बंद केला.

या वर्षी फूल नाही, ते अपेक्षितच होतं. पण नवी पालवी आलीय आणि ती हिरवी आहे. शिरा वेगळ्या दिसतच नाहीत. करपलेली जुनी पानं अजून खाली लटकतायत, ती बघून वाईट वाटतं.

---

शंकासुर · १० मे

ती बरी व्हायची नाहीत, पण तोडू नका. अर्धं पान हिरवं असेल तर अर्ध्या पगारावर कामाला आहे. गळायची तेव्हा गळतील.

---

अबोली_अबोल · १८ सप्टेंबर

एक शेवटचा प्रश्न. फांद्यांच्या टोकांना कळ्या दिसतायत. काही निमुळत्या, पेन्सिलीच्या टोकासारख्या. आणि काही गोल, गुबगुबीत, करंगळीच्या पेराएवढ्या, खवल्यांवर खवले बसवलेल्या. फुलांच्या कुठल्या?

---

हिरवट_बाई · १८ सप्टेंबर

गुबगुबीत त्या फुलांच्या. निमुळत्यांतून पानं येतील. किती आहेत?

---

अबोली_अबोल · १८ सप्टेंबर

गोल सात. पुन्हा मोजून येते.

---

अबोली_अबोल · १८ सप्टेंबर

नऊ. दोन भिंतीच्या बाजूला होत्या, म्हणजे आधी जी भिंतीची बाजू होती तिकडे.